न लावलेला अंगठा

बेकारी भत्ता हा शब्द आपल्या वस्त्यांतून बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. तो प्रत्यक्ष हातात पडलेला माणूस मात्र वयाची चाळिशी उलटेपर्यंत मला भेटला नव्हता. गेली वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. निराधारांचे, रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे. भत्त्याचा अर्ज एकच लिहिला. त्याची ही हकिकत आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय हकिकत पुरी होणार नाही.

आमचे राजूर म्हणजे वणी तालुक्यातील कोळशाचे आणि चुन्याचे गाव. खाण आणि चुनाभट्ट्या यांच्यावर इथल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. भट्टी थंड झाली की मजूर घरी बसतो आणि दुकानदाराची वही जाड होत जाते. माझी आई भट्टीचे काम नसले की रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जात असे. काम निघाले नाही तर ती म्हणायची, "औंदा सरकारनं कामच काढलं नाही," जसे आपण म्हणतो औंदा पाऊसच पडला नाही. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी कायद्यात काम देता आले नाही तर रोज निदान एक रुपया भत्ता द्यावा असे लिहिले होते, हे तिला कोणी सांगितले नाही. तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. आईने खडी फोडली ती त्याच्या नंतरची वर्षे. मी बी.कॉम. झालो, कारकून झालो, चळवळीत आलो, आणि तरीही त्या एका रुपयाची गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. तोवर आई राहिली नव्हती.

माझी चुलत आत्या शेजारच्या एका तालुक्यात दिलेली आहे. गाव नदीच्या अलीकडचे की पलीकडचे, हे सांगत नाही. कार्यालयाचेही नाव घेत नाही. त्या लोकांना अजून तिथेच राहायचे आहे, आणि कागद रंगवणारा हात एखाद्याच कार्यालयात असतो असेही नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात आत्याचा निरोप आला. कापूस निघून गेला होता, शेतात काम नव्हते, गावातली माणसे मिळेल तिकडे बांधकामावर गेलेली. मागे राहिल्या त्या बायका. मी गेलो आणि अकराजणींचे काम मागणीचे अर्ज, म्हणजे नमुना ४, भरून दिले. २० एप्रिलला ते दाखल झाले. पोच द्यायला टाळाटाळ झाली. "अर्ज घेतला ना, मग पोच कशाला?" असे विचारण्यात आले. आम्ही दोन तास तिथेच बसलो. शेवटी अकराही अर्जांची तारीख घातलेली पोच मिळाली. मी स्वतः कारकून असल्यामुळे एवढे जाणतो, की पोच नसलेला अर्ज हा अर्जच नसतो.

तेव्हाचा कायदा म्हणजे २००५ चा, ज्याला आपण मनरेगा म्हणत आलो. त्याच्या हिशेबाने अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास सोळाव्या दिवसापासून भत्ता सुरू. पहिल्या तीस दिवसांसाठी मजुरीच्या निदान पाव पट, त्यापुढे निदान अर्धा. २०२३-२४ साली महाराष्ट्रात या कामाची मजुरी २७३ रुपये होती, तेव्हा पाव म्हणजे ६८ रुपये २५ पैसे. पंधरा दिवस ५ मे रोजी संपले. काम निघाले ३० मेला. मधले चोवीस दिवस. एकीचे १,६३८ रुपये झाले, अकराजणींचे १८,०१८. ही काही मोठी रक्कम नव्हे. पण ज्या घरात पावसाळ्यापूर्वी बियाण्याचे, मुलांच्या वह्यापुस्तकांचे आणि कौलांचे एकदमच बघावे लागते, तिथे १,६३८ रुपये म्हणजे सावकाराकडे एक खेप कमी.

जूनमध्ये आम्ही भत्त्याची मागणी लेखी दिली. जुलैत उत्तर आले. सदर मजुरांना ८ मेपासून काम उपलब्ध करून देण्यात आले होते, तशी लेखी सूचना त्यांना देण्यात आली होती, त्या कामावर हजर झाल्या नाहीत, सबब भत्त्यास अपात्र. कायद्यात हे कलम होते, ९ वे. सूचना मिळूनही जो पंधरा दिवसांत कामावर येत नाही, त्याचा भत्त्याचा हक्क तीन महिन्यांसाठी जातो. कलम बरोबर लावले होते. प्रश्न एवढाच, की सूचना दिली कोणाला?

बायका म्हणाल्या, आमच्याकडे कोणी आले नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, पण अपिलात विश्वास जोडता येत नाही, कागद जोडावा लागतो. म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानामागे दोन रुपये. ऑगस्ट संपता संपता सूचनापत्राची प्रत हाती आली. एकच पान. वर मजकूर, खाली अकरा नावे, आणि प्रत्येक नावापुढे एक अंगठा.

तो कागद घेऊन मी गावी गेलो. विहारात सतरंजी टाकून बायका बसल्या होत्या. कागद हातोहात फिरला. त्यातली एक सून, दहावीपर्यंत शिकलेली, कागदाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, मी जन्मात कधी अंगठा नाही लावला."

वाचकांनो, त्या वाक्याचे वजन आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. आपल्या आजोबा-पणजोबांच्या अंगठ्यांवर जमिनी गेल्या, गहाणखते झाली, वेठबिगारीच्या बोली झाल्या. अंगठा सोडून सही करणे ही आपल्या घरांतली लहान गोष्ट कधीच नव्हती. बाबासाहेबांच्या शब्दावर जी माणसे शिकली, त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या आया आणि आज्या निदान स्वतःचे नाव गिरवायला शिकल्या. अकरापैकी नऊजणी सही करत होत्या. त्यांच्या २० एप्रिलच्या अर्जांवरही सह्याच होत्या. आणि पंधरा दिवसांनी त्या नऊही जणी अंगठेबहाद्दर झाल्या होत्या!

उरलेल्या दोघी खरोखरच अंगठा लावणाऱ्या. त्यांतली एक माझी आत्या.

आता माझी चूक. दहा वर्षांपूर्वीच्या वर्षावासात मी त्या गावी ग्रंथवाचनाला जात असे. वाचन झाले की तासभर बायकांना सही शिकवायची, असा आमचा नेम होता. पाटी, पेन्सिल, प्रत्येकीचे नाव मोठ्या अक्षरात काढून दिलेले. आत्याही यायची. तिच्या नावात दोन जोडाक्षरे. ती ओढून ओढून थकायची, बोटे वळत नसत. एका संध्याकाळी मीच म्हटले, "आत्या, राहू दे आता. या वयात तुला कुठे सही लागते?" मला वाटले, मी तिच्यावर दया केली. तिने पाटी खाली ठेवली आणि पुन्हा कधी उचलली नाही. दुसरी बाई तिच्याच वयाची, तीही मग यायची थांबली.

अपील म्हणजे आधी कार्यक्रम अधिकाऱ्याकडे तक्रार. आपल्या राज्यात हे काम तहसीलदारांकडे असे. कायद्याने सात दिवसांत निकाल द्यायचा, आम्हाला सुनावणीची तारीखच सप्टेंबरच्या शेवटी मिळाली. तक्रारीत मी तीन गोष्टी मांडल्या. सही करणाऱ्या बायकांचे अंगठे कसे? सूचनापत्रावर जावक क्रमांक का नाही? कार्यालयातून पत्र बाहेर पडले तर ते जावक नोंदवहीत चढतेच. मी रोज तेच काम करतो, म्हणून ही उणीव मला पटकन दिसली. आणि तिसरे, जॉबकार्डावरील पत्त्यावर पत्र पाठवायचे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही सूचना लावायची, असे दोन्ही नियमात असताना फलकावरील सूचनेचा पुरावा कुठे?

सुनावणीच्या दिवशी निंदणाची मजुरी बुडवून अकराजणी काळीपिवळीत दाटीवाटीने बसून आल्या. सकाळी अकराची वेळ होती, पुकारा झाला अडीच वाजता. अधिकारी तरुण होते. त्यांनी प्रत पाहिली, मूळ कागद मागवला, बराच वेळ पाहिला. मग कोरा कागद पुढे सरकवून म्हणाले, "सही करा."

एकेक बाई पुढे गेली. टेबलापाशी उभे राहून, पदर सावरून, पेन घट्ट धरून. ती दहावीची सून झरकन सही करून मागे झाली. पण बाकीच्यांच्या सह्या म्हणजे नाव लिहिणे. काना, मात्रा, वेलांटी, सगळे जागच्या जागी आणून ठेवायचे. एकीने घाईत अनुस्वार विसरला आणि ती पुन्हा वळून म्हणाली, "साहेब, थांबा, एक टिंब राहिलं." ते थांबले. पलीकडे उभा असलेला कार्यालयाचा माणूस खाली बघत होता. नऊ नावे झाली तेव्हा कागद भरला होता. अपिलाची पाच पाने मी रात्र रात्र जागून लिहिली होती. त्या एका कागदापुढे ती काहीच नव्हती.

मग उरलेल्या दोघी. आत्याने निळ्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर टेकवला आणि मागे येऊन भिंतीपाशी बसली. कार्यालयाचा माणूस लगेच म्हणाला, "यांचा तर अंगठाच आहे, साहेब. मग यांना सूचना मिळालीच ना?" मी म्हटले, तज्ज्ञाकडून तपासून घ्या. ते इथे होणार नाही, असे उत्तर मिळाले.

ऑक्टोबरमध्ये निकाल आला. नऊजणींचा भत्ता मंजूर. दोघींचा नामंजूर, कारण त्यांना सूचना मिळाल्याचे दिसून येते.

गावात आनंद झाला. नऊजणींनी मला पेढे दिले. आत्यानेही एक घेतला. ती काही बोलली नाही. मला मात्र तो पेढा गिळताना जड गेला. सही येणाऱ्यांना न्याय आणि न येणाऱ्यांना नाही, हा भेद कायद्यात कुठेच नव्हता. त्या टेबलावर तो तयार झाला होता, आणि त्यात माझ्या त्या दयेचा वाटा होता. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ च्या डिसेंबरात धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते, हे आमच्या राजुरात खाणकामगारांच्या प्रत्येक सभेत सांगितले जाते. मीही सांगतो. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आणि बेकारीत सरकारी साहाय्य हे शब्द आहेत, हेही सांगतो. तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. हक्काचा कायदा व्हायला कुठे १९७७ उजाडले, कुठे २००५. एवढे सगळे सांगणाऱ्या माणसाने आपल्याच आत्याला पाटी खाली ठेवायला सांगितले होते.

दुसरे अपील जिल्हा पातळीवर करायचे ठरले. काही कार्यकर्ते म्हणाले, नऊजणींचे झाले ना, दोघींच्या ३,२७६ रुपयांसाठी किती खेटे घालणार? प्रवासातच तेवढे जातील. हिशेब त्यांचा चूक नव्हता. मीही कॉमर्सचाच माणूस. पण ज्या कागदावरचे नऊ अंगठे खोटे ठरले, त्याच कागदावरचे, त्याच शाईचे दोन अंगठे खरे कसे मानायचे, एवढा एक मुद्दा माझ्यापाशी होता. तो पुरेल का, याची खात्री वाटत नव्हती.

नोव्हेंबरात एका रात्री आत्याच्या घरी बसून मी अपिलाचा मसुदा मोठ्याने वाचत होतो. आत्या तूर निवडत होती. मी वाचले, "दिनांक ५ मे रोजीचे कथित सूचनापत्र..."

"कोणत्या दिवशी म्हणतोस बापू?"

"पाच मे."

"म्हणजे तिथ कोणती?"

भिंतीवर त्याच वर्षाचे कॅलेंडर होते. पाने मागे उलटून मी मे महिना काढला. ५ मे २०२३, शुक्रवार. वैशाख पौर्णिमा. बुद्धजयंती!

आत्याने सूप बाजूला ठेवले. "त्या दिवशी मी सकाळपासून खिरीच्या गंजापाशी बसली होती. दिवसभर खीर वाटली, रातच्याला मिरवणूक. अंगठा लावाले गेली कवा मी?"

बुद्धपौर्णिमा ही सरकारी सुट्टी. कार्यालय बंद. त्या दिवशी अकरा बायकांना बोलावून अंगठे घेतले असे कागद म्हणत होता. ज्याने तो मागाहून तयार केला, त्याने पंधरा दिवसांची मुदत मोजून तारीख टाकली, पण तो दिवस कोणता हे पाहिले नाही. त्याचे सोडा. त्या दिवशी मी स्वतः राजूरच्या विहारात वंदना घेऊन, पांढरे कपडे घालून मिरवत होतो. ऑगस्टपासून तो कागद माझ्या पिशवीत होता. जावक क्रमांक नाही हे मला दिसले, तारीख दिसली नाही. वाचता न येणाऱ्या बाईला ती ऐकून कळली.

मसुदा फाडला आणि नवा लिहिला. दीड पान. सोबत सुट्ट्यांची सरकारी यादी, त्या दिवशीच्या विहारातील कार्यक्रमाचे दोन फोटो (एकात आत्या गंजापाशी बसलेली स्पष्ट दिसते), आणि नऊजणींच्या निकालाची प्रत. जानेवारी २०२४ मध्ये सुनावणी झाली, दहा मिनिटांची. मला बोलावेही लागले नाही फारसे. फेब्रुवारीत दोघींचा भत्ता मंजूर झाल्याचे पत्र आले. त्या कागदाची चौकशी करावी असेही त्यात एक वाक्य होते. चौकशीचे पुढे काय झाले, ते आमच्यापर्यंत आलेले नाही.

ही हकिकत आता लिहिण्याचे एक कारण आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला. शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा त्यात आहे, तेव्हा आपल्या मजुरांनी ते साठ दिवस कोणते धरले जातात याकडे डोळा ठेवावा. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास भत्ता, ही तरतूद नव्या कायद्यातही आहे. म्हणजे अर्ज, पोच, तारीख आणि सूचना यांची झटापट पुढेही राहणार. विहारात पौर्णिमेला जमतो तेव्हा ज्यांनी काम मागितले आहे त्यांच्या पोचपावत्या एकदा एकत्र बघाव्यात, तारखा एका वहीत उतरवाव्यात, आणि सूचना आली की तिच्यावर स्वतःच्या हाताने मिळाल्याची तारीख घालावी. आमच्या राजुरात आम्ही अशी वही सुरू केली आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

आत्याचे पैसे मार्चमध्ये खात्यात जमा झाले. गावातल्या केंद्रावर ती काढायला गेली तर यंत्रावर तिचा अंगठा लागेना. पुसून लावला, ओला करून लावला, दुसऱ्या हाताचा लावला. आयुष्यभर दगड, माती आणि पऱ्हाट्या उपटून रेघा झिजून गेलेल्या. तिने मला फोनवर सांगितले, "बापू, तिथं न लावता लागला, अन् इथं लावून लागत नाही!" आणि मोठ्याने हसली. मी तिला तालुक्याच्या बँकेत घेऊन गेलो. तिथे स्लिपवर अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही, असे करून पैसे मिळाले. आत्याने विचारले, इथे सही करता येते का? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, खाते अंगठ्यावर आहे, बदलायचे तर अर्ज द्यावा लागेल.

अर्ज मी लिहिला नाही. आत्याच्या नातीने लिहिला, ती सातवीत होती. तो घरी फडताळात ठेवलेला आहे. खाली सहीची जागा रिकामी सोडली आहे, आणि पहिले जोडाक्षर आता आत्याला जमू लागले आहे.